आजीचं गोंदण, हळद-खोबरेल आणि समुद्र : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. तुमची कमेंट वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, दादांचं म्हणणं असं की त्यांच्या आजीने जत्रेत हातावर तुळस गोंदून घेतली, वर हळद आणि खोबरेल चोपडलं आणि दुसऱ्या दिवशी वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, लावणीला चिखलात उतरली, काही झालं नाही. आणि मी मात्र हँडपोकसाठी, म्हणजे मशीनशिवाय हाताने सुई टोचून काढलेल्या टॅटूसाठी, साबण काय, लोशन काय, समुद्र बंद काय, सगळं फॉरेनचं कॉपी-पेस्ट सांगते. पुतणीला मनगटावर टॅटू काढून घ्यायचाय, तिला उगाच घाबरवू नका असंही लिहिलंय.

आधी आजीबद्दल. त्यांना काही झालं नाही याचा खरंच आनंद आहे, पण त्या जत्रेत एकच सुई किती बायकांच्या हाताला लागली असेल? कावीळ बी आणि सी रक्तातून पसरते आणि कित्येक वर्षं शरीरात गुपचूप राहते, पुढे कुणाचं लिव्हर गेलं तर त्याचा संबंध जत्रेतल्या गोंदणाशी कोण लावणार होतं. ज्यांना त्रास झाला त्यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत आल्याच नाहीत. गोंदणाबद्दल मला मनापासून आदर आहे, मी हाताने एकेक ठिपका टोचते ते त्याच ओढीने, पण म्हणून तेव्हाची सगळी काळजी आज तशीच चालेल असं नाही.

फॉरेनचं म्हणता, तर नेटवरचे बरेचसे सल्ले थंड, कोरड्या हवेतले असतात हे मात्र शंभर टक्के मान्य. तिकडे कातडी सुकून तडकते म्हणून दिवसातून चार-चार वेळा क्रीम लावायला सांगतात. आपल्याकडे कोकणात मे महिन्यात पंख्याखाली बसूनही पाठ ओली, पावसात तर वाळत घातलेला टॉवेल तीन दिवस दमटच, त्यामुळे इथे खरा शत्रू ओल आहे. म्हणून मी लोशन अगदी पुसट लावायला सांगते, बिनवासाचं, कातडी ओढल्यासारखी वाटली तरच. वर चिकटवायची ती पारदर्शक फिल्म असते ना, तिच्याखाली घाम साचून पाणी झालं किंवा कड सुटली की लगेच काढायची, उद्या बघू नाही. आणि धुतल्यावर न्हाणीघरातल्या टॉवेलने पुसायचं नाही, टिश्यू नाहीतर धुऊन कडक इस्त्री केलेला सुती फडका, तोही दाबून टिपायचा, घासायचं नाही. विहिरीचं पाणी पावसात गढूळ असतं तेव्हा उकळून कोमट केलेलं घ्यायचं, एवढंच.

हळदीचं माझं ठाम मत आहे, नको. डब्यातली हळद म्हणजे मसाला, ती निर्जंतुक नसते, तिचे कण ओल्या ठिपक्यात बसतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कातडी पिवळी झाली की लाली वाढतेय की उतरतेय हेच दिसत नाही. पहिले दोन दिवस थोडी लाली, थोडं गरम लागणं, शाईमिश्रित पाण्यासारखं काहीतरी पाझरणं हे नॉर्मल आहे. त्यानंतर लाली बाहेर पसरायला लागली, पू आला, ताप आला की मला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टर गाठा. खोबरेलाचं म्हणाल तर पपडी पूर्ण गळून गेल्यावर दोन थेंब लावायला माझी हरकत नाही, आधी लावलं तर घाम आत कोंडतो आणि बारीक पुटकुळ्या येतात.

लोकांना वाटतं मशीन नाही म्हणजे जखमच नाही. हँडपोकला कातडी कमी दुखावते, बरं लवकर होतं, हे खरं. पण सुई वरची कातडी भेदून खालच्या थरापर्यंत जातेच, नाहीतर शाई टिकली नसती. चार-पाच दिवसांनी नीट बघा, एकेका ठिपक्यावर खसखशीएवढी काळी पपडी दिसते, कडेने किंचित उचललेली. हात शिवशिवतात, खाज येते, पण नखाने काढली की खालची शाईही जाते आणि तिथे फिकट भोक राहतं. आपोआप गळू दे. वरून बरं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आतून त्याहून जास्त.

आता समुद्र. खाऱ्या पाण्याने जखम बरी होते हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण उबदार खाऱ्या पाण्यात, खाडीच्या तोंडाशी तर जास्तच, व्हिब्रिओ नावाचे जंतू राहतात आणि उघडी जखम त्यांना दारच आहे. मेक्सिकोच्या आखातात टॅटू काढून पाच दिवसांनी पोहलेला ३१ वर्षांचा एक माणूस अशाच संसर्गाने गेला, २०१७ साली डॉक्टरांनी ती केस प्रसिद्ध केली. त्याचं लिव्हर आधीच खराब होतं आणि असं क्वचितच होतं, हेही सांगायलाच हवं. पण म्हणून तारकर्लीला स्कूबा करायला आलेल्यांना मी सांगते, आधी पाण्यात काय ते मनसोक्त करा, टॅटू काढायला या परत घरी जायच्या आदल्या संध्याकाळी.

आणि आपल्या घरात तर समुद्रापेक्षा जवळचे धोके आहेत हो. सुंगटं (कोळंबी) सोलताना डोक्याचा काटा टोचतो, बांगडे साफ करताना मनगटापर्यंत पाणी येतं, ते दोन-तीन आठवडे दुसऱ्या कुणीतरी करावं. आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलाचं तेल चांगल्या कातडीलाही भाजतं, ताज्या टॅटूवर तर विचारूच नका. तुमची बाग असेल तर पुतणीला सीझन संपल्यावर आणा.

ती अठरा पूर्ण असेल तरच मी काढते, तेवढं बघा. आणि कॉलेजच्या शिबिरात रक्तदान करत असेल तर आधी ते करून घेऊ दे, थोडे दिवस जाऊ दे मग या, कारण टॅटूनंतर १२ महिने रक्त घेत नाहीत.