पुस्तिकेतला दुसरा रकाना : निपाणीच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आवडत्या गाड्या आणि त्यांच्या इंजिनांची निगा या विषयावरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय थोडक्यात देतो. आपले म्हणणे असे की, मारुती ८००, प्रीमियर पद्मिनी आणि महिंद्राची जीप यांच्यावरच्या प्रेमापोटी मी जुन्या काळातली देखभाल आजच्या गाड्यांवर लादत आहे. कंपनी स्वतः दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगत असताना त्याच्या निम्म्यावर बदला म्हणणे ही ग्राहकाच्या खिशाला विनाकारण लावलेली कात्री आहे. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये घालतात ते द्रव, ही निव्वळ शोरूमची कमाई आहे, कारण आपल्या वडिलांनी ॲम्बेसेडरमध्ये आयुष्यभर विहिरीचेच पाणी घातले. आपले मिस्त्री सगळ्या गाड्यांत २०डब्ल्यू-४० हे जाड तेल घालतात आणि कुणाची तक्रार नाही. आणि आपल्या २०१४ च्या स्विफ्ट डिझेलला टायमिंग चेन (झडपांची उघडझाप क्रँकच्या फिरण्याशी जुळवणारी साखळी) असल्यामुळे तिच्या इंजिनाकडे बघावेच लागत नाही. शेवटी आपण विचारले आहे की, ‘माझ्या गाडीला नेमके काय करू, तेवढे सांगा.’ त्या प्रश्नाचे उत्तर मी शेवटी देतो, पण त्यामागची कारणे आधी मांडतो, कारण ती पटल्याशिवाय माझा सल्ला आपण मानावा असे मला वाटत नाही.

दहा हजारांचा आकडा मला मान्य आहे. तो कंपनीने अभ्यास करूनच दिलेला असतो. माझा मुद्दा एवढाच आहे की, ज्या पुस्तिकेत तो आकडा छापलेला असतो तिच्यातच बहुतेक वेळा त्याच्या जवळपास आणखी एक तक्ता किंवा रकाना असतो आणि तो कुणी वाचत नाही. पुस्तिका ग्लव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहते. त्या रकान्यात खडतर वापराची व्याख्या दिलेली असते : वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, सततचे चढउतार, जास्त ओझे किंवा मागे ट्रेलर, आणि गर्दीत बराच वेळ गाडी उभी ठेवून इंजिन चालू असणे. अशा वापरासाठी तेल, तेलाचा फिल्टर आणि एअर फिल्टर यांची मुदत कमी केलेली असते. शिवाय ‘दहा हजार किलोमीटर’ या शब्दांपुढे ‘किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते’ असेही लिहिलेले असते, आणि आपल्या प्रतिक्रियेत नेमका तेवढाच भाग गळला आहे.

आता आपल्या भागातल्या गाड्या त्या व्याख्येत बसतात की नाही, हे आपणच पाहा. आपण लिहिले आहे की, आपली गाडी बहुतेक दिवस निपाणी बाजारातून मळ्यापर्यंत आणि मळ्यातून घरापर्यंत फिरते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून पाणंदीने जाताना पुढची गाडी दिसू नये एवढा फुफाटा उडतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात तांबड्या मातीची धूळ, अथणी-रायबागकडे काळ्या रानाची धूळ, आणि पावसाळ्यात गोव्याला किंवा सावंतवाडीला जायचे तर चोर्ला किंवा आंबोली घाट. सौंदत्तीच्या यात्रेला निघालेली गाडी किती माणसे आणि किती सामान घेऊन निघते, ते आपण दोघांनीही पाहिलेले आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या साध्या घरगुती गाडीचे रोजचे जगणे हेच आहे आणि पुस्तिकेच्या भाषेत ते खडतर आहे.

इंजिनाचे वय किलोमीटरवर मोजण्याच्या सवयीमुळे आपला सगळ्यांचा एक मोठा गैरसमज झाला आहे, आणि तो मला या उत्तरात सविस्तर मांडावासा वाटतो. वडापची, म्हणजे दिवसभर भाड्याने माणसे नेणारी, ट्रॅक्स जीप घ्या. पहाटे एकदा चालू झाली की रात्रीपर्यंत तिचे इंजिन थंड होत नाही. अशा गाडीचे आकडे लाखांत जातात, बाहेरून तिची रया गेलेली असते, आणि तरीही हेड, म्हणजे इंजिनाचा झडपा असलेला वरचा भाग, उघडले तर आतला भाग पुष्कळदा स्वच्छ निघतो. याउलट बेळगावच्या टिळकवाडीतून खडेबाजारात जाऊन येणारी, रविवारी धुऊन पुसून ठेवलेली, वर्षाला जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर फिरणारी गाडी उघडली तर झडपांच्या वरच्या भागात काळा, डांबरासारखा गाळ बसलेला आढळतो. मालकाला ते खरे वाटत नाही, कारण गाडी ‘कमी चाललेली’ असते.

याचे कारण साधे आहे. एक लिटर पेट्रोल किंवा डिझेल जळले की जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जाते, परंतु थोडा भाग पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरून चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भांड्यातल्या, तेलात मिसळतो आणि त्याच्याबरोबर न जळलेले इंधन आणि काजळीही उतरते. तेल पुरेसे तापले आणि काही वेळ तसे राहिले तर ते पाणी आणि इंधन पुन्हा उडून जाते. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत तेल तापतच नाही. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला तरी तो पाण्याचे तापमान दाखवतो. तेल त्याच्या बरेच मागे असते. पावसाळ्यात अशा गाडीची ऑइलची टोपी काढून उलटी करून पाहा. आतल्या बाजूला पिवळसर पांढरी साय धरलेली दिसली तर तेलात पाणी मिसळत असल्याची ती खूण आहे. हेड गॅस्केट (हेड आणि खालचा ब्लॉक यांमधला पापुद्रा) गेले तरी अशी साय दिसते, म्हणून कूलंटची पातळी कमी होत आहे का, हेही त्याच वेळी बघावे लागते. पण पातळी स्थिर असेल तर दोष आपल्या छोट्या फेऱ्यांचा असतो.

हे मी इतक्या आग्रहाने का लिहितो, तेही सांगतो. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात माझी नोकरीची अनेक वर्षे क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्याच्या, ग्राइंडिंगवर गेली. बेळगावचे फाउंड्री आणि मशीनिंगचे काम देशभर जाते, आणि क्रँकशाफ्ट ही तर या गावाची ओळखच आहे. नव्या क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, आरशासारखे असते, आणि त्याच्या व बेअरिंगच्या मध्ये साधारण दोन ते पाच शतांश मिलिमीटर एवढीच मोकळी जागा ठेवलेली असते. माणसाचा एक केस तीत मावणार नाही. इंजिन चालू असताना धातू धातूला टेकतच नाही, त्या फटीत दाबाने आलेल्या तेलाच्या थरावर क्रँक फिरत असते. दुरुस्तीला आलेल्या क्रँकवर नख फिरवले की नख अडकते अशा रेघा हाताला लागत. एअर फिल्टर फाटलेला असेल, तर त्यातून गेलेली धूळ आधी सिलिंडर आणि रिंगा खाते आणि मग तेलातून बेअरिंगपर्यंत पोहोचते. मग क्रँक पाव मिलिमीटर घासून तेवढे जाड, आमच्या भाषेत ‘दहाचे’, बेअरिंग, पुन्हा वेळ आली तर त्याहून जाड ‘वीसचे’. ते काम मी हौसेने केले आहे, पण प्रत्येक वेळी वाटायचे की, तेल आणि दोन फिल्टर वेळेवर बदलले असते तर ही क्रँक गाडीतून बाहेर आलीच नसती.

आता आपली टायमिंग चेन. स्विफ्टचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन मूळ फियाटचे, आणि ते मला फार आवडते. त्या काळात आपल्या रस्त्यांवर इतके चिवट आणि इतके कमी खाणारे छोटे डिझेल दुसरे क्वचितच होते. त्याला बेल्ट नाही, चेन आहे, हे खरे. बेल्टसारखी ती ठरावीक किलोमीटरला बदलावी लागत नाही, हेही खरे. परंतु ती चेन ताठ ठेवणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो आणि चेनला वंगणही त्याच तेलाचे मिळते. तेल घट्ट आणि गाळाने भरलेले झाले की चेंबरच्या तळाशी असलेली तेल ओढणारी जाळी अंशतः बुजते, दाब कमी पडतो, सकाळी चालू करताना पुढच्या बाजूने क्षणभर खडखड ऐकू येते आणि कालांतराने चेन सैल पडते. ती दात सोडून गेली तर झडपा पिस्टनवर आदळतात. म्हणजे ज्या गाडीत चेन आहे तिच्यात तेलाकडे दुर्लक्ष करणे अधिक महागात पडते.

तेल किती जाड असावे याबद्दल आपल्या मिस्त्रींचा मी अनादर करत नाही. पद्मिनीला, ॲम्बेसेडरला, जुन्या जीपला २०डब्ल्यू-४० शोभत होते, कारण त्या इंजिनांतल्या फटी मोठ्या होत्या. आजच्या पेट्रोल गाड्यांना कंपनी ५डब्ल्यू-३० किंवा त्याहूनही पातळ, ०डब्ल्यू-२० सारखे तेल सांगते, ते फटी लहान असतात म्हणून आणि झडपांची वेळ बदलणारी यंत्रणा त्या तेलाच्याच दाबावर चालते म्हणून. थंडीत सकाळी जाड तेल वर झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचायला जेवढा वेळ लावते तेवढा वेळ वरचे भाग कोरडे घासतात. तक्रार कुणाची नाही, कारण ही झीज ऐकू येत नाही. आणखी एक गोष्ट : डिपस्टिकवरचे तेल बोटावर घेऊन ते काळे झाले म्हणून लगेच बदलायला सांगणारेही चुकतात. डिझेल इंजिनात नवे तेल घातल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते, ते काजळी उचलून धरते म्हणून. तेलाचा रंग पाहून मुदत ठरवता येत नाही.

विहिरीच्या पाण्याविषयी आपल्या वडिलांचा अनुभव खराच असणार. ॲम्बेसेडरच्या त्या जुन्या पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक आणि हेड, दोन्ही बिडाचे होते. गंज धरला तरी ते वर्षानुवर्षे तग धरत. आपल्या स्विफ्टचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. आपल्याकडच्या विहिरी-बोअरचे पाणी जड असते. चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंटमधले ग्लायकॉल पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यातली गंजरोधक द्रव्ये ॲल्युमिनियमला खड्डे पडू देत नाहीत. ही द्रव्ये काळाने संपतात, म्हणून कूलंट दिसायला चांगले असले तरी बदलावे लागते. तयार कूलंट महाग वाटत असेल तर घट्ट कूलंट आणून त्यात बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळावे. नळाचे किंवा बोअरचे पाणी मिसळू नये.

याच ओघात थर्मोस्टॅटविषयी, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्वविषयी, लिहितो, कारण ‘गाडी गरम होते, व्हॉल्व काढून टाका’ हा सल्ला आपल्याकडे अजूनही दिला जातो. थर्मोस्टॅट काढला की इंजिन तापायला फार वेळ घेते, म्हणजे वर लिहिलेला पाण्याचा आणि गाळाचा सगळा त्रास वाढतो. आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडल्यावर बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद होते, त्यांत तो काढल्यावर पाणी रेडिएटरला टाळून फिरत राहते आणि घाटात गाडी उलट अधिक तापते. तो बिघडला आहे का, हे घरी तपासता येते. पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने तो मधोमध टांगावा, तळाला टेकू देऊ नये, आणि पाणी तापवावे. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान मधली चकती हळूहळू उचलली जाते, पाणी निवले की ती परत बसते. उकळत्या पाण्यातही ती हलली नाही तर तो बदलावा.

जुन्या गाड्यांच्या प्रेमाचा जो आरोप आपण केला आहे, तो मी आनंदाने स्वीकारतो. १९८३ च्या डिसेंबरात आलेली आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेली मारुती ८००, तिचे ते ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे छोटे इंजिन, हे मला आजही सुंदर वाटते, कारण बॉनेट उघडल्यावर त्यातला प्रत्येक भाग दिसतो, हाताला लागतो आणि समजतो. पद्मिनीचे टॅपेट लावताना, म्हणजे झडपांची फट जुळवताना, फीलर गेजची पातळ पट्टी हलकेच अडकत सरकली पाहिजे, हे ज्याने हाताने अनुभवले त्याला झडप म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. परंतु कार्ब्युरेटरच्या गाडीला चोक ओढून थोडा वेळ थांबावे लागे म्हणून आजची गाडीही सकाळी पाच मिनिटे जागेवर चालू ठेवा, असे मी कधी सांगितलेले नाही. इंजेक्शनच्या गाडीला अर्धा मिनिट पुरे. नंतर हलक्या पायाने चालवावी, ती चालताना लवकर तापते. उलट जुन्या गाड्यांना आज नवी काळजी लागते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे. ते आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतूनही जाते, याचा ऊस पिकवणारा म्हणून आपल्याला आनंदच असेल, पण जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे डायफ्राम त्यासाठी बनवलेले नव्हते. महिनोन्महिने उभी राहणारी जुनी गाडी असेल तर नळ्या दाबून, वाकवून चिरा पडल्या आहेत का ते पाहावे, आणि टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते.

आता आपल्या स्विफ्टविषयी. तेल आणि तेलाचा फिल्टर दर पाच हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदला. तीन लिटरच्या आसपास तेल लागते, आणि ते पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच असू द्या. एअर फिल्टर गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी नवा घाला आणि हंगामाच्या मध्यावर उघडून पाहा. पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरने जोरात हवा मारून घेऊ नका, कागदाला सूक्ष्म भोके पडतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. डिझेल फिल्टरमधले पाणी पावसाळ्यापूर्वी काढून घ्या. आठवड्यातून एकदा गाडी हमरस्त्याने संकेश्वरपर्यंत नेऊन आणा, म्हणजे तेल पुरते तापेल. आंबोली किंवा चोर्ला चढून गेल्यावर चहाला थांबलात तर चावी लगेच फिरवू नका. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेत असतो आणि त्याला तेल इंजिन चालू असेपर्यंतच मिळते, म्हणून एक-दोन मिनिटे इंजिन तसेच चालू ठेवा. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्शनचे इंजिन डिझेल घेणे थांबवते, न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहण्यासाठी डिझेल घेतच राहते, आणि ब्रेकवर सगळा भार येतो तो वेगळाच. पुढच्या सर्व्हिसिंगला ऑइलची टोपी उलटी करून आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला चेनचा आवाज ऐकून जे आढळेल ते मला जरूर कळवा. खडखड दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकत असेल तर त्याआधीच चेंबर खोलून जाळी साफ करून घ्या.