बेबलीचा घसारा

तात्यांना रिव्हॉल्वरचा परवाना मिळाला तेव्हा त्यांना ६९ पूर्ण झाली होती. सत्तरी गाठली की परवानेदाराला आपलं हत्यार वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो, असं नियमातच आहे. म्हणजे सरकारी हिशेबानं तात्यांनी हत्यार घ्यायचं आणि लगेच सोडायच्या तयारीला लागायचं. वारस बेंगळुरूला असतो आणि दिवाळीत लवंगी लावतानाही कानात बोटं घालतो.

"बापू, रविवारी गाडी घेऊन ये. एक वस्तू बघायचीय," तात्यांचा फोन आला.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्यांची किंमत ठरवणं हे माझं पोट. त्यामुळे आमच्या भावकीत जुनं काहीही घ्यायचं झालं की मला बोलावतात. पंप झाला, ट्रॉली झाली, एकदा तर म्हैस झाली. म्हशीचं मागचं बंपर तपासताना काय झालं ते इथे नको.

तात्यांचा मळा नारायणगावच्या अलीकडे, चहूबाजूंनी ऊस. उसात बिबट्या. परवान्याच्या अर्जात कारण म्हणून तोच होता. आता बिबट्या हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. त्याच्यावर गोळी झाडली तर पिंजऱ्यात तात्या जाणार. हे त्यांनाही पक्कं ठाऊक. "त्याला कोण मारतंय? पण माणसाजवळ आहे म्हणल्यावर त्यालाबी कळतं," असं त्यांचं म्हणणं. बिबट्याला परवाना वाचता येतो, यावर तात्यांची श्रद्धा आहे.

गाडीत बसल्यावर कळलं की वस्तू म्हणजे 'बेबली'. म्हणजे वेब्ली अँड स्कॉट या विलायती कंपनीची रिव्हॉल्वर, .३२ बोअर (नळीच्या छिद्राचं माप), बर्मिंगहॅमची. बोलीची किंमत चार लाख.

मी ब्रेक दाबला. "तात्या, कानपूरच्या सरकारी कारखान्यातली नवी कोरी येते की! 'निर्भीक' निघाली २०१४ साली तेव्हा सव्वा लाखाच्या आतच होती, वजन अर्धा किलो. २०२३ साली 'प्रबल' आली. तीही कानपूरचीच."

"कानपूरची काय," तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती कोणाकडंबी असते."

इथे थोडं शास्त्र सांगतो, कारण मला ते आळेफाट्यापर्यंत ऐकावं लागलं. .३८ आणि .४५५ हे फौजेचे बोअर, म्हणून ते सामान्य माणसाला बंद. राहिला मुख्यतः .३२. त्यात विलायती माल १९८० च्या दशकापासून आयातच होत नाही. वेब्लीनं तर १९७९ साली बंदुका-रिव्हॉल्वर बनवणंच थांबवलं. म्हणजे देशात ज्या आहेत त्या आहेत; एक वाढायची नाही. गंमत अशी, की कानपूरच्या .३२ ची बांधणी वेब्लीवरूनच घेतलेली. आणि २०२० पासून उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे खुद्द वेब्लीच्याच नावानं .३२ बनायला लागली. म्हणजे नातू आहे, पणतू आहे, तात्यांना मात्र आजोबाच हवेत.

"काडतुसं तरी कुठली घालणार?" मी विचारलं.

"खडकीची."

म्हणजे चार लाख मोजून बर्मिंगहॅम घ्यायचं आणि त्यात आमच्या पुण्याचीच गोळी.

पाटलांचा वाडा. दसरा आदल्याच दिवशी झालेला, दाराला तोरण तसंच. दादासाहेब पाटलांनी लोखंडी कपाटातून फडक्यात गुंडाळलेली वस्तू आणली आणि रिकामी असल्याची खात्री करून पाटावर ठेवली. तात्यांनी चप्पल आधीच बाहेर काढली होती. आता टोपीही सारखी केली.

ती कशी उघडायची हेही मी वाटेत तात्यांकडून ऐकलेलं. वेब्ली मधून मोडते. डाव्या अंगाला अंगठ्यापाशी एक खटका असतो. तो दाबून नळी खाली वाकवली की चक्राच्या मधून ताऱ्याच्या आकाराची चकती वर उचलली जाते, सगळी काडतुसं एकदम बाहेर टाकते आणि खट्कन जागेवर बसते. मी खटका दाबला. चकती वर आली आणि तिच्याबरोबर झेंडूची एक पाकळी बाहेर पडली.

"काल पूजा झाली ना," दादासाहेब म्हणाले.

मग मी नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरलं. खिडकीचा उजेड नखावर पडून नळीत जातो आणि समोरून आतले आटे दिसतात. मी पुढून एक डोळा मिटून बघायला लागलो, तेवढ्यात आतून पाटलांच्या आई आल्या. मोडलेली असो की जोडलेली, त्यांना दिसलं ते एवढंच, की पाहुण्यानं नळी स्वतःच्या डोळ्याला लावलीय. त्यांनी जी किंकाळी मारली तिनं पंचक्रोशीतले बिबटे वर्षभर तरी फिरकायचे नाहीत. तात्यांचं कामच झालं होतं, खरं म्हणजे. फुकटात.

पाणी पिऊन पुन्हा सुरुवात केली. घोडा ओढून चक्र हलवून पाहिलं, बिजागरी ढिली आहे का बघितली, अंगावरचे नंबर जुळवले. आणि मग चापाच्या वर मला तो सापडला. लालसर, खडबडीत डाग. सर्व्हेअरला गंज दिसला की जो आनंद होतो तो डॉक्टरला ताप पाहूनही होत नसेल. मी घसा खाकरला. "दादासाहेब, गंज आहे. आत किती गेलाय सांगता येत नाही. लाखभर तरी इथेच तुटतात."

दादासाहेबांनी बोट ओलं केलं, डागावरून फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं.

कुंकू.

माझी पत गेली. पुढचा सगळा सौदा मी पोहे खात ऐकला. दादासाहेबांच्या आजोबांनी ती १९५६ साली मुंबईत घेतली, किती गोळ्या झाडल्या तर एकही नाही, आजवर चापाला बोट लागलं ते फक्त पुसताना. तात्यांच्या दृष्टीनं हा गुण होता. मला मात्र विचारावंसं वाटत होतं, की ६८ वर्षांत जे कधीच वापरलं नाही ते चालतं हे कशावरून?

शेवटी पत सावरायला मी घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाली म्हणून किमतीतून वजा होणारा भाग, काढला. गाडीला पाच वर्षांत ५० टक्के घसारा लागतो. त्याच चालीनं ६८ वर्षांची वस्तू म्हटली तर दादासाहेबांनीच आम्हाला काहीतरी देऊन ती न्यायला सांगायला हवं.

"आणि पाच वर्षांच्या पुढं काय नियम आहे?" दादासाहेबांनी विचारलं. माणूस हुशार.

"पुढची किंमत... दोन्ही पक्षांनी आपसात ठरवायची," मी कबूल केलं.

"मग चार," ते म्हणाले.

तात्या साडेतीनवर आले. पाटील पावणेचारला थांबले. कायद्यानं विकणाऱ्यानं आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं आणि तात्यांच्या परवान्यावरची खरेदीची मुदत डिसेंबरात संपणार होती. दोन दिवसांत सांगतो म्हणून आम्ही उठलो. परतीच्या वाटेवर तात्या एकदाच बोलले : "तुला कुंकू वळखू येत नाही?"

दोन दिवसांनी, १५ ऑक्टोबर २०२४ ला, विधानसभेची आचारसंहिता लागली. दादासाहेबांना निवडणुकीपुरतं हत्यार पोलिसांकडे जमा करायची नोटीस आली. तात्यांना अजून एकदा बघायची होती, म्हणून आम्ही थेट पोलीस ठाण्यातच गेलो. टेबलावर फडकी, सुतळी, चिठ्ठ्या आणि सील करायची लाख. हवालदार एकेक हत्यार बांधून वहीत चढवत होते. पाटलांची वेब्ली त्यांनी न बघताच ओळखली.

"आली का? लोकसभेलाबी मार्चपासून जूनपर्यंत हितंच होती," ते म्हणाले. "कितीला काढली?"

तात्यांनी आकडा सांगितला.

हवालदारांनी गाठ मारली, चिठ्ठी लावली आणि वर बघितलं. "काका, पुढं झेडपी आहे, मग पंचायत आहे. ही आमच्याकडंच जास्त राहती. कधीबी या, बघून जा. पैसे कशाला घालवताय?"

तात्या बाकावर बसले. बराच वेळ त्या गाठोड्याकडे बघत होते. मग मला म्हणाले, "बापू, ते कानपूरचं काय म्हणत होतास?"