मिलफर्डच्या वाटेवरचा वसुली अधिकारी

न्यूझीलंडहून परतलेली मंडळी तळ्यांचे आणि डोंगरांचे फोटो दाखवतात. रस्त्यात आडवं कोण कोण येतं, ते कोणी सांगत नाही.

दक्षिण बेटावर पहिल्यांदा आडव्या आल्या मेंढ्या. 1982 साली या देशात सात कोटी मेंढ्या होत्या, आता अडीच कोटींच्या आत आल्यात. तरी माणशी चार-पाच पडतातच. आमच्या वाटणीच्या सगळ्या एकाच वळणावर भेटल्या. मागे दोन कुत्री आणि शेतकरीदादा, निवांत.

"हॉर्न मार की," आई म्हणाली.

"इथे मारत नाहीत."

"मेंढ्यांना काय माहीत, इथे मारत नाहीत ते?"

पुढे पॉसम, म्हणजे मांजराएवढे केसाळ, झाडांवर राहणारे प्राणी. जिवंत एकही नाही, सगळे डांबराला चिकटलेले. आई प्रत्येकाला हात जोडत होती. मागच्या सीटवरून बायकोने मोबाईलवर वाचलं, की 1837 मध्ये फरच्या धंद्यासाठी हे ऑस्ट्रेलियातून आणले. आता ते इथली झाडं ओरबाडतात, पक्ष्यांची अंडी खातात. "मग मेले ते बरंच झालं," आई बोलून गेली आणि लगेच गालात मारून घेतलं.

एका फाटकाशी फळीवर अंडी ठेवलेली, शेजारी पैसे टाकायचा डबा, माणूस नाही. खाली घोड्याच्या लिदीच्या पिशव्या, त्याही विकाऊ. आईने डॉलरचे रुपये केले आणि बराच वेळ गप्प बसली. माहेरचा गोठा आठवला असावा.

खरा प्रसंग 'ते अनाऊ' नावाच्या गावाहून मिलफर्ड साऊंड या डोंगरांमधल्या खाडीकडे जाताना ओढवला. वाटेत होमर बोगदा आहे. सव्वा किलोमीटर लांब, डोंगर फोडून केलेला, 1954 मध्ये खुला झालेला. आत अरुंद, म्हणून तोंडाशी सिग्नल. थांबलो, तर बॉनेटवर धप्पकन काहीतरी पडलं.

किआ. डोंगरात राहणारा पोपट, कोंबडीएवढा, मळकट हिरवा. तो उड्या मारत काचेशी आला, मान तिरकी करून आम्हा तिघांना पाहिलं आणि वायपरचं रबर उचकटायला घेतलं. घाई अजिबात नाही. चोचीच्या आकड्याने आधी टोक सोडवलं, मग पायाने दाबून पट्टीच ओढली. वसुलीला आलेला माणूस असतो ना, तसा.

"भुकेलाय बिचारा. चिवडा देऊ?" ऑकलंडच्या देशी दुकानातली पुडी आईने फोडलीसुद्धा.

"किआला खायला घालू नका, असं लिहिलंय!"

"मग तो खातोय ते काय आहे?"

यावर उत्तर नव्हतं. बायको पुढचं वाचू लागली: पूर्वी मेंढ्यांच्या पाठी फोडतो म्हणून किआ मारायला सरकार बक्षीस द्यायचं, 1986 पासून त्याला कायद्याने पूर्ण संरक्षण आहे. भाड्याच्या गाडीच्या वायपरला तसलं काही नाही. मी आतून काचेवर टकटक केली. त्यानेही केली. त्याची जास्त जोरात लागली.

सिग्नल हिरवा झाला. साहेब हलेनात. मी गाडी तसूतसूने पुढे घेतली, तेव्हा पंख पसरून, आतला नारिंगी रंग दाखवून, ते मागच्या कॅम्परव्हॅनवर जाऊन बसले. तिच्या मागे चार सायकली टांगलेल्या होत्या. चारही सीटा नव्याकोऱ्या, मऊ.