पोरींच्या अपेक्षा आणि माझं न जमलेलं लग्न

भावकीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तीच पोस्ट आली. 'मुलींच्या अपेक्षा वाढल्या म्हणून शेतकऱ्याची पोरं बिनलग्नाची राहिली. शिकून डोक्यात हवा गेली, कष्ट नकोत, पुण्यात फ्लॅट पाहिजे.' खाली पंधरा अंगठे. मी तासगाव तालुक्यातला, वय एकोणतीस, दोन एकर द्राक्षबाग, चार ठिकाणी बघून आलोय. म्हणजे पोस्ट माझ्याच बाजूची. तरी पटत नाही.

आधी मोजणी. 2001 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या 851. साताऱ्यात 878. त्या मुलग्यांत मीही होतो, बालवाडीत. आमच्यातल्या दर हजारी दीडशे पोरांच्या जोडीची मुलगी जन्मालाच आली नाही, तिने अपेक्षा कसल्या ठेवायच्या? आमच्याच जिल्ह्यातल्या म्हैसाळला गर्भपात केलेले 19 भ्रूण पुरलेले सापडले ते 2017 च्या मार्चमध्ये, फार जुनी गोष्ट नाही. साताऱ्यात 2011 साली 285 'नकोशीं'ची नावं समारंभ करून बदलावी लागली. ती आधीची नावं पोरींनी नव्हती ठेवली.

'कष्ट नकोत' वाचून तर हसूच आलं. आमच्या बागेत विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, येतात त्या सगळ्या बायकाच. मांडवाखाली दिवसभर हात वर, संध्याकाळी मान वळत नाही. लग्नाच्या पोरींनी आपल्या आयांना हे करताना बघितलंय. तिसऱ्या ठिकाणी पोहे झाल्यावर मुलीनंच विचारलं, "बागेत मी येईन की. पण बेदाण्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, कुणाच्या नावावर निघते?"

"आण्णांच्या, वडिलांच्या."

"आणि सातबारा?"

"तोही त्यांचाच."

"मग तुमचं काय आहे?"

आई गाडीत बसेपर्यंत पुटपुटत होती, फाजील पोरगी म्हणून. मला मात्र आठ दिवस तोच प्रश्न. औषधं मी मारतो, सोसायटीचे हेलपाटे मी घालतो, नाव कुठंच नाही. आणि तिनं फ्लॅटचा 'फ'सुद्धा काढला नव्हता.

फ्लॅटचं विचारतो तो बहुतेक वेळा मुलीचा बाप. पोस्ट टाकणाऱ्या काकांनी स्वतःची लेक हिंजवडीच्या आयटीवाल्याला दिलीय, एवढंच सांगतो.

राहिली डोक्यातली हवा. 2024 च्या पोलीस भरतीत राज्यात 17,471 जागा होत्या, अर्ज 17 लाखांवर. माझा धाकटा भाऊ त्यात होता, पहाटे उठून 1600 मीटर पळायचा. शेती त्यालाही नकोच आहे. त्याला गाव जिद्दी म्हणतं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. काकांचं उत्तर आलं, "मग बस तसाच." रात्री जेवताना आण्णांना विचारलं, यंदाची पट्टी माझ्या नावावर काढायची का? भाकरी मोडत म्हणाले, "आधी छाटणी तर होऊ दे."