कूलरची मोटर, भंगारातला रेडिएटर आणि आरओचं पाणी: त्या मेसेजला उत्तर

एप्रिल लागल्यापासून इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. आशय असा: ‘कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायचं, म्हणजे वॉटर कूलिंगचं, महागडं किट कशाला? भंगारातून कारचा रेडिएटर आणा, कूलरची मोटर लावा, साध्या प्लास्टिकच्या नळीतून आरओचं पाणी फिरवा. अडीच हजारांत काम. भर उन्हाळ्यातही प्रोसेसर खोलीपेक्षा थंड राहतो, खोलीही तापत नाही. एकदा पाणी भरलं की पुन्हा बघायला नको.’

माझा भाचा आर्किटेक्चरला आहे, त्याचं रेंडरिंग, म्हणजे आराखड्यांवरून कॉम्प्युटरने चित्रं तयार करणं, रात्र-रात्र चालतं. परवा तो रेडिएटर काखेत मारूनच दारात उभा. ‘मामा, शनिवारी बसवू या का?’ त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. मी स्वतः दोन उन्हाळे कस्टम लूप, म्हणजे सुटे भाग जोडून केलेलं पाणी फिरवायचं बंद चक्र, वापरतो आहे आणि मला तो मनापासून आवडतो. म्हणूनच या मेसेजची काळजी वाटते.

सगळ्यात आधी ‘खोलीपेक्षा थंड’. हा गैरसमज का होतो ते कळतं, कारण आपल्या डोळ्यांसमोर डेझर्ट कूलर असतो. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. लूप मात्र बंद असतो, त्यातलं पाणी उडत नाही. ते प्रोसेसरची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं आणि पंखे ती खोलीच्या हवेत सोडतात. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडेच जाते, त्यामुळे पाणी खोलीच्या हवेपेक्षा गरम असलं तरच रेडिएटरचा उपयोग. मे महिन्यात दुपारी तीनला माळ्यावरच्या खोलीत ३८ अंश असतील, तर चांगल्या लूपमधलंही पाणी ४५ ते ४८ वर जाईल आणि प्रोसेसर त्याच्याही बराच वर. मालव्याची रात्र थंड, म्हणून तोच लूप रात्री दोनला सुखाने चालतो. रेंडर रात्री लावायचा, हा फुकटातला उपाय मी भाच्याला पहिल्यांदा सांगितला.

‘खोली तापत नाही’ हेही याच कारणाने खोटं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ५०० वॅट खात असतील, तर ५०० वॅटची उष्णता खोलीतच येते, मध्ये पाणी असो वा नसो.

आता रेडिएटर. भाच्याने आणलेला मी पेचकसाने थोडा खरवडला, आत चांदीसारखा पांढरा निघाला. ॲल्युमिनियम. हल्लीच्या गाड्यांचे बहुतेक रेडिएटर ॲल्युमिनियमचेच असतात. प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा वॉटर ब्लॉक मात्र तांब्याचा किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचा. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की त्यांची बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. पाणी गढूळ होतं, चिकट गाळ धरतो आणि तो ब्लॉकमधल्या खाचांत जाऊन बसतो. या खाचा मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. पूर्वी हौशी लोक गाड्यांचे हीटर कोर (गाडीच्या हीटरमधले छोटे रेडिएटर) वापरत, पण ते तांब्या-पितळेचे. म्हणून कॉम्प्युटरसाठीचा, तांब्याचा पत्रा आणि पितळी टाक्या असलेला रेडिएटरच घ्यावा. अंदाज बांधायला दर १०० वॅटला १२० मिमी, म्हणजे एका पंख्याएवढी रेडिएटरची लांबी धरा. इंदूरच्या उन्हाळ्यासाठी मी त्यात आणखी १२० मिमी वाढवतो.

कूलरची मोटर म्हणजे घरच्या २३० व्होल्टवर चालणारी, पाण्यात बुडवायची वस्तू. शेजारी लाखभराचं मशीन आणि त्यावर आपले हात. शिवाय ती कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होत नाही. एक दिवस बटण दाबायचं राहिलं की ब्लॉकमधलं पाणी जागच्या जागी तापत जाईल. लूपचा पंप १२ व्होल्टचा असतो, त्याला वीज कॉम्प्युटरच्याच पॉवर सप्लायमधून मिळते. त्याची वेग सांगणारी वायर मदरबोर्डच्या सीपीयू फॅनच्या पिनांवर लावली की पंप थांबताच मशीन इशारा देतं. लूपसाठी मिळणारा डी५ नावाचा पंप ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी आहे, हेही उन्हाळ्यात लक्षात ठेवायचं. आणि कोणताही पंप कोरडा चालवायचा नाही. टाकी पंपाच्या वर हवी.

आरओच्या पाण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ही चूक मी केली आहे. बोअरच्या पाण्याने कूलरचं गवत दोन महिन्यांत पांढरं, कडक होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आरओमधून क्षार कमी होतात, संपत नाहीत. उलट पुष्कळ मशिनांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळायची सोय असते. माझ्या पहिल्या लूपमध्ये मी आरओचं पाणी आणि स्वस्त पारदर्शक नळी वापरली. आठ महिन्यांनी टाकीच्या भिंतीवर धुरकट थर दिसला, ब्लॉक उघडला तर निम्म्या खाचा बुजलेल्या. थोडे क्षार होते, थोडं नळीचं प्लास्टिक मऊ ठेवायला घातलेलं आणि तिच्यातून सुटलेलं द्रव्य. आता मी डिस्टिल्ड पाणी, त्यात गंज रोखणारं आणि शेवाळ मारणारं औषध, आणि ईपीडीएम रबराची काळी नळी वापरतो. काळ्या नळीतून रंगीत पाणी दिसत नाही, पण ब्लॉक साफ राहतो.

म्हणजे ‘पुन्हा बघायला नको’ हेही गेलंच. वर्षातून एकदा पाणी बदलायचं. मी ते मार्चमध्ये, उन्हाच्या आधी करतो. रेडिएटरची धूळ महिन्याला काढायची.

मेसेजमध्ये गळतीचा शब्दही नाही. लूप पहिल्यांदा भरताना मदरबोर्डला आणि ग्राफिक्स कार्डाला वीज द्यायचीच नाही. पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या प्लगमध्ये १६ आणि १७ नंबरच्या पिना तारेने जोडल्या की एकटा पंप चालवता येतो. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून चोवीस तास चालू द्यायचा. ‘डिस्टिल्ड पाण्यातून वीज जात नाही’ यावर विसंबू नका, कारण लूपमध्ये फिरलं की ते धातू आणि धूळ घेतं आणि बोर्डावर सांडेपर्यंत डिस्टिल्ड राहिलेलं नसतं.

शेवटी भाच्याला विचारलं, तुझा प्रोसेसर किती वॅटचा? ६५. त्याला चार-पाच हजारांचा दोन टॉवरांचा हवेचा कूलर भरपूर आहे. २०० वॅटच्या पुढचा प्रोसेसर किंवा तापणारं मोठं कार्ड घेशील, तेव्हा ३६० मिमीचा रेडिएटर, मऊ नळी आणि एकच ब्लॉक यापासून सुरुवात कर, कडक नळ्यांची हौस दुसऱ्या लूपला. शनिवारी आम्ही त्याच्या कॅबिनेटची धुळीने गच्च भरलेली जाळी धुतली, मागचा उलटा बसवलेला पंखा सरळ केला आणि रेंडर रात्री अकरानंतर लावला.