पंच्याण्णव मिनिटांनंतरची काठी

परवा संध्याकाळी सव्वापाच वाजता मनोरंजन पार्कमधल्या एका राइडच्या दाराशी एका मुलीने माझ्या सात वर्षांच्या पोराला बूट काढायला लावले, उंची मोजायच्या काठीला पाठ लावून उभं केलं आणि मान हलवली. नाही. १२२ सेंटिमीटर लागतात, हा बोटभर कमी भरतोय. डावीकडच्या दरवाजातून बाहेर जा.

आम्ही त्या रांगेत पंच्याण्णव मिनिटं उभे होतो.

कुणी "नियम म्हणजे नियम" म्हणायच्या आधीच सांगते, नियमाशी माझं भांडण नाही. खांद्यावरून खाली येणारा तो लोखंडी पट्टा ठरावीक मापाच्या अंगासाठी बनवलेला असतो. त्यात बारकं पोर सैल बसलं तर काय होऊ शकतं हे मला कळतं, मीच त्याची आई आहे. १२२ म्हणजे १२२. माझं भांडण आहे ते काठी कुठे ठेवली याच्याशी. कारण रांगेच्या तोंडाशीही एक काठी होती! तिथल्या मुलाने धाकट्याला बुटांसकट उभं केलं, "चालेल, जा" म्हणाला आणि मनगटाला हिरवी पट्टी बांधली. धाकटा ती पट्टी दीड तास मिरवत होता. पुढच्या मागच्यांना दाखवत होता, मी या वर्षी बसतोय म्हणून. गेल्या खेपेला कमी भरला होता ना! वर्षभर दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा मारून घेतल्यात त्याने.

आणि घरून निघताना सकाळी १२२ च्या वर भरला होता, मी स्वतः मोजला होता. अनवाणी. आता यातली गंमत बघा. माणूस सकाळी उंच असतो आणि दिवसभर उभा राहिला की संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर कमी होतो, मणक्यांमधल्या चकत्या दबतात म्हणून. मोठ्यांचं होतं तसंच पोरांचंही होतं. म्हणजे ज्या रांगेत त्याला उभं केलं, त्याच रांगेने त्याची उंची खाल्ली असणार, आणि रांगेच्या शेवटी त्यालाच सांगितलं की तू कमी पडतोस.

मी त्या मुलीला म्हटलं, अहो ताई, ही पट्टी तुमच्याच माणसाने बांधलीय. ती म्हणाली, शेवटचा निर्णय इथला. मग पहिला निर्णय कशासाठी घेता? इथला निर्णय शेवटचा असेल तर इथली काठी उचलून रांगेच्या तोंडाशी न्या, तिथे बूट काढायला लावा आणि नाही म्हणायचं असेल तर पोराचे पाय दुखायच्या आधी म्हणा. काठीच आहे ती, काही खांब नाही जमिनीत पुरलेला.

पुढे ऐका. मी म्हटलं, बरं, मग आम्ही दोघं आळीपाळीने बसतो, एक जण धाकट्याजवळ थांबेल. ती सोय असते, मला माहीत होतं. एकाने बसायचं, दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचं, मग दुसऱ्याला परत रांग न लावता सोडतात. तर म्हणाली, ते रांगेच्या सुरुवातीलाच सांगून चिठ्ठी घ्यायला हवी होती. सुरुवातीला! सुरुवातीला तुमच्या माणसाने मला सांगितलं होतं की पोर बसू शकतं, मग मी चिठ्ठी कशासाठी मागू? थोरली अकरा वर्षांची आहे. ती बसू शकत होती. "तो नाही तर मीपण नाही" म्हणाली आणि भावाचा हात धरून डावीकडे वळली. तो डावीकडचा दरवाजा उघडतो दुकानात. बाहेर पडायचं तर खेळण्यांच्या आणि टोप्यांच्या रांगांमधूनच जायचं, दुसरी वाटच नाही. रडणाऱ्या पोराला घेऊन मी त्या राइडच्या चित्राच्या दीडेकशे टी-शर्टांमधून चालत गेले. वाट अशी काढायला कुणीतरी डोकं लावलंय. काठी कुठे ठेवायची यावर मात्र कुणाला डोकं लावावंसं वाटलं नाही.

घरी आल्यावर जाऊबाईंना सांगितलं तर त्या काय म्हणाल्या असतील? "प्लॅनिंग कमी पडलं गं तुमचं."

इथे माझं डोकं फिरलं.

चार महिने! चार महिने मी हे केलंय. कोणत्या आठवड्यात शाळा सुरू आहेत, कोणत्या वारी गर्दी कमी, कोणती राइड डागडुजीला बंद राहणार, हे बघून तारीख काढली. तारीख बदलली की तिकिटाचा दर बदलतो, आणि माणसांची नावं भरता भरता पान शिळं होऊन परत पहिल्यापासून भरावं लागतं. सासूबाईंचं नाव मी तीनदा भरलं. मग पार्कमध्ये नुसतं यायचंच नाही तर कुठल्या राइडला किती वाजता, हेही सकाळी सातच्या ठोक्याला फोनवर धरायचं. सातला दोन मिनिटं असताना मी, हे आणि थोरली तीन फोन घेऊन बसलो होतो. सात वाजून काही सेकंदांत हवी ती वेळ गेलेली. गेट उघडायच्या पाऊण तास आधी आम्ही गेटवर हजर, आणि बघतो तर आत लोक फिरतायत. का, तर पार्कच्याच हॉटेलात उतरलेल्यांना अर्धा तास आधी सोडतात. मग आम्हाला लवकर या म्हणून का सांगता?

याला निवांत सुट्टी म्हणतात. अ‍ॅपच्या पहिल्या पानावर हाच शब्द आहे, निवांत. आणि खाली लाल अक्षरांत, फोनची बॅटरी पूर्ण भरून आणा.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? वॉल्ट डिस्ने सांगायचे की या सगळ्याची कल्पना त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये सुचली. मुली मेरी-गो-राउंडवर फिरतायत, आपण बाकावर बसलोय, मोठ्या माणसाला तिथे करण्यासारखं काहीच नाही. आईबापांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी जागा का असू नये, असं त्यांना वाटलं. त्यातून १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. आता सत्तर वर्षं उलटून गेली. बघा एकदा आजूबाजूला कुठल्याही पार्कमध्ये. पोरं रांगेत कठड्याला लोंबकळतायत आणि आईबाप मान खाली घालून अ‍ॅपमध्ये पुढची वेळ शोधतायत. त्या बाकावरच्या बापाला निदान पोरी दिसत तरी होत्या! आणि बाक होता. आमच्या पार्कमध्ये सासूबाईंना गुडघे घेऊन टेकायला मी तासभर जागा शोधत होते. सावलीत बाक नाही, बाक आहे तिथे ऊन, आणि सावली आणि बाक दोन्ही जिथे आहे तिथे काहीतरी विकत घेतल्याशिवाय बसायचं नाही अशी पाटी. सत्तरीच्या बाईने शेवटी फुलझाडांच्या कट्ट्यावर टेकलं, तर तिथूनही उठवलं.

पैशांचंही तेच. सुरुवातीला डिस्नेलँडमध्ये आत येण्याचे वेगळे आणि राइडचे वेगळे पैसे पडायचे. त्यासाठी कुपनांची पुस्तकं निघाली, १९५९ पासून सगळ्यात भारी राइडला ई अक्षराचं कुपन. १९८२ मध्ये ती पुस्तकं बंद झाली, एकदा तिकीट काढा आणि हवं तेवढं फिरा. १९९९ मध्ये फास्टपास आला, ठरल्या वेळी या आणि छोट्या रांगेतून जा, आणि तो फुकट होता. २०२१ मध्ये त्याची जागा पैसे मोजून घ्यायच्या पासाने घेतली, आणि काही राइड्सचे तर एकेका राइडचे वेगळे पैसे. म्हणजे फिरून कुपनांवरच आलो, फक्त कुपन आता कागदाचं नाही. आम्ही गेलो ते पार्क वेगळं, पण हा धंदा सगळे एकमेकांचं बघून शिकतात. आमच्याकडेही आहेच जलद पास. पाच जणांचा घ्यायचा तर आणखी दोन माणसांच्या तिकिटाएवढे पैसे होत होते. नाही घेतला.

नाही घेतला म्हणूनच मी पंच्याण्णव मिनिटं मोजत होते. जिथे पासवाल्यांची आणि आमची अशा दोन रांगा एक होतात तिथे आम्ही बराच वेळ अडकलो होतो. आमच्या बाजूचे आठ जण सोडले तेवढ्यात तिकडून बेचाळीस गेले. थोरलीने मोजले, मी परत मोजले. हा काही जादूचा वेळ नाही हो. तासाला किती माणसं बसणार हे ठरलेलं आहे. गाड्या किती, एका गाडीत जागा किती, किती सेकंदांनी गाडी सुटते, झाला हिशोब. त्यात परवा तीनातली एक गाडी बाजूला काढून ठेवलेली, म्हणजे तिसरा हिस्सा माणसं तिथेच कमी. पास विकला म्हणून राइड जोरात पळत नाही. पुढून जेवढे घुसतात तेवढे आम्ही मागे राहतो. पासवाल्याला जो वेळ विकला तो माझ्या पोराच्या पायांतून काढला. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः तो पास घेतला होता आणि पलीकडच्या रांगेतल्या बायकांकडे मला बघवलं नव्हतं. तेव्हा जे वाटलं ते बरोबर होतं, म्हणून या वेळी घेतला नाही, आणि त्याची शिक्षा पोराला झाली.

रांगेत माणसाच्या मनाचं काय होतं यावर लिहिणाऱ्या डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलंय की जे वाट बघणं अन्यायाचं वाटतं ते जास्त लांब वाटतं, आणि किती वेळ लागणार हे माहीत नसलं की आणखी लांब. हे पार्कवाल्यांना माहीत नाही असं नाही. रांग वळवून वळवून तिचं शेपूट दिसू देत नाहीत, वाटेत भिंतीवर काहीबाही लावून ठेवतात, म्हणजे मन रमावं. मनाचा एवढा विचार करणाऱ्यांना पोराच्या मनाचा का करता येत नाही?

आणि आपणही कमी नाही. आमच्या पुढे एक बाई एकटी उभी होती. तासाभराने तिचे आणखी सात जण "एक्स्क्यूज मी, एक्स्क्यूज मी" करत सगळ्या रांगेला कोपरं मारत तिच्यापर्यंत आले. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, त्यावर सहलीचं नाव. मला ते टी-शर्ट तेव्हापासून बघवत नाहीत. मी बोलले, मोठ्याने बोलले, हे माझा हात ओढत होते. "जाऊ दे ना, सुट्टीवर आलोय." अहो, सुट्टीवर आलोय म्हणूनच जाऊ देणार नाही! ऑफिसात रोज जाऊच देते.

मी हे काही विरजण घालायला लिहीत नाही. मला पार्क आवडतात. थोरली पाच वर्षांची असताना पहिल्यांदा गेलो होतो, काही ठरवलं नव्हतं. आत गेलो, जी रांग छोटी दिसली तिथे उभे राहिलो, एकाच छोट्या राइडमध्ये सहा वेळा बसलो, दुपारी झाडाखाली तासभर झोपलो. तो दिवस अजून सगळ्यांच्या बोलण्यात येतो. असं आता जाऊन बघा. हातात वेळ धरलेली नसेल तर काही राइड्सच्या दारातही उभं करत नाहीत. न ठरवता जायची सोयच त्यांनी काढून घेतलीय, आणि काही बिघडलं की आईने नीट ठरवलं नाही. जाऊबाईंचं सोडा, धाकटापण गाडीत हळूच म्हणाला, "आई, तू नीट मोजलं नव्हतंस का?"

मला त्या पार्ककडून पैसे परत नकोत. माफीचा मेल आला तर तो मी वाचणारही नाही. ती काठी रांगेच्या तोंडाशी न्या. एकच काठी ठेवा, आणि तिथे एकदा हो म्हटलं की ते पुढेही हो असलं पाहिजे. एवढं मी त्यांना लिहिलंय. उत्तर आलंय की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि सोबत पुढच्या मोसमाच्या बुकिंगची तारीख.

हिरवी पट्टी धाकट्याने अजून काढलेली नाही. आज सकाळी दात घासायच्याही आधी तो अनवाणी येऊन चौकटीला पाठ लावून उभा राहिला. डोक्यावर फूटपट्टी धरून मी मोजलं. १२२ आणि वर थोडं. "अजून एकदा," म्हणाला. पुन्हा मोजलं, तेवढंच. मी रेघ मारली, तारीख लिहिली आणि त्याने सांगितलं म्हणून शेजारी वेळही लिहिली. सकाळचे सहा चाळीस.