त्यांना बसू द्या हो

सकाळपासून डोकं तापलंय. पोस्ट लांबणार आहे, आत्ताच सांगते.

आज नवी मुंबईत नेरूळला टी. एस. चाणक्य या जागेच्या पाणथळीवर गेलो होतो. आज द्वादशी, म्हणजे भरती नऊच्या सुमारास. आठ-सव्वाआठपासून खाडीतले पक्षी आत येऊन बसायला लागले. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मधल्या पाण्यात आणि आमच्या बाजूला, बांधाच्या अगदी कडेला, लहान पक्ष्यांची दाटी. आम्ही खाली बसून बघत होतो. तेवढ्यात पैसे भरून आलेली एक मोठी सहल येऊन उभी राहिली. पुढे गाईड, मागे माणसांची रांग, पांढरे-लाल टीशर्ट, सगळे बांधावर उभे. गाईडने सगळ्यांना मोबाईल स्लो मोशनवर लावायला सांगितले. मग "एक, दोन, तीन" म्हणाला आणि सगळ्यांनी मिळून टाळ्या पिटल्या, आरोळ्या ठोकल्या.

रोहितांनी उडावं म्हणून. रील हवं होतं.

रोहित उडाले नाहीत. माना वर करून जरा आत सरकले, एवढंच. उडाले ते लहान. एका झटक्यात बांधाची कड रिकामी झाली. थवा पाण्यावरून एक फेरी मारून पुन्हा खाली उतरायला लागला, तर परत टाळ्या. दोन-तीनदा असं झाल्यावर सगळे पाम बीच रोडच्या बाजूला निघून गेले, ते आम्ही तिथे होतो तोवर आलेच नाहीत. त्या सहलीतल्या एका सात-आठ वर्षांच्या मुलाने विचारलं, "सर, ते छोटे कुठले होते?" सर म्हणाले, "ते काही नाही रे, ते असतातच इथे."

मी जाऊन बोलले. आवाज न चढवता बोलले. तर म्हणे, "ताई, पक्षी आहेत, उडणारच ना. फार मनाला लावून घेताय तुम्ही."

हो, घेते लावून. सांगते का ते.

बांधाच्या कडेला जे बसले होते त्यात निम्म्याहून जास्त कर्ल्यू सँडपायपर होते. थंडीत हा पक्षी राखाडी असतो, दहा प्रकारच्या राखाडी पक्ष्यांतला एक, नवशिक्याला ओळखताना घाम फुटतो. पण एप्रिल संपत आला की त्याची छाती, पोट, मान सगळं विटकरी लाल होतं. एकेक पक्षी वेगवेगळ्या टप्प्यावर असतो, कुणी पूर्ण लाल, कुणी चट्ट्यापट्ट्यांचा. हा लाल रंग तो आपल्यासाठी घालत नाही. तो चाललाय सायबेरियाच्या उत्तर टोकाला, टुंड्रात, जिथे जूनमध्ये बर्फ वितळलं की जमिनीवर घरटं करायचं असतं. वजन साठ-सत्तर ग्रॅम. ठाणे खाडीतल्या चिखलात किडे, शिंपले, कोळंबीची पिल्लं खाऊन साठवलेल्या चरबीवर ते हजारो किलोमीटर कापायचे. आणि जगभर हा पक्षी इतका कमी होत चाललाय की आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत (धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत) २०२४ साली त्याला 'संकटसमीप' गटातून काढून 'असुरक्षित' गटात टाकलं. आपला छोटा रोहित त्या यादीत 'संकटसमीप' आहे. म्हणजे ज्याच्यासाठी टाळ्या वाजल्या त्याच्यापेक्षा ज्याला "काही नाही" म्हटलं तो जास्त संकटात आहे. पैसे घेऊन लोकांना पक्षी दाखवणाऱ्या माणसाला हे माहीत असायला नको?

गेल्या एप्रिलमध्ये मी अप्पांना याच बांधावर घेऊन आले होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना फार चालवत नाही, म्हणून घडीचं स्टूल घेतलं होतं. अप्पांचं लहानपण उरणकडच्या मिठागरांवर गेलेलं, भरतीचं गणित त्यांना मोबाईल न बघता येतं. तिथीची पाऊणपट करायची. द्वादशी म्हणजे बाराची पाऊणपट नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. थोडं इकडेतिकडे होतं, पण चुकत नाही. तर आम्ही भरतीच्या आधीच जाऊन बसलो. पाणी चढत गेलं तसे पक्षी मागे मागे सरकत आमच्या इतके जवळ आले की दुर्बीण खाली ठेवली. एका पायावर उभे, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. अप्पांना मोसम बदलला की खोकला येतो. मला वाटलं, आता हे खोकणार आणि सगळं उधळणार. तर त्यांनी खांद्यावरचा पंचा घेऊन तोंडावर दाबून धरला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, पण आवाज नाही. मला खुणेनेच सांगितलं, झोपलीत.

पाणी उतरायला लागल्यावर पक्षी आपणहून जागे झाले. पंख ताणले, अंग झाडलं आणि वीस-वीस, पन्नास-पन्नास करून खाडीकडे गेले. शेवटची तुकडी गेल्यावर अप्पा जे खोकले! पाच मिनिटं खोकत होते. मी पाठीवरून हात फिरवत होते आणि ते हसत होते.

आज टाळ्या ऐकताना मला तो पंचा आठवला. म्हणून मी बोलायला गेले.

खाडीकाठी वाढलेल्यांना हे सांगावं लागत नाही, पण नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिते. या पक्ष्यांचं घड्याळ सूर्याचं नाही, पाण्याचं आहे. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा जेवायचं, मग दिवस असो की रात्र. भरतीला चिखल बुडतो तेव्हा कुठेतरी कोरड्यावर किंवा घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून विश्रांती. तिवरांत ते सहसा बसत नाहीत, त्यांना चहूबाजूंनी मोकळी जागा लागते, शत्रू लांबून दिसला पाहिजे. पूर्वी मिठागरं होती. आता उरलंय काय? चाणक्य, एनआरआय वसाहतीजवळची पाणथळ, डीपीएस शाळेजवळचं तळं, तिकडे उरणला पाणजेची पाणथळ. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ साली झालं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) झालं, आनंदच आहे. पण चाणक्य, एनआरआय, डीपीएस यांतली एकही जागा त्या अभयारण्याच्या हद्दीत नाही. पक्षी जेवतात अभयारण्यात आणि झोपतात बाहेर. एनआरआयच्या बाजूला गोल्फ कोर्स करायचं घाटत होतं, ते अडवायला लोकांना मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि २०१८ साली तिथे निकाल लागला. डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी येणं अडलं आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथे रोहित मेलेले सापडले, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. मी त्या आठवड्यात नीट जेवले नव्हते. इतकं सगळं करून जी जागा कशीबशी टिकवली, तिथे आपणच जाऊन टाळ्या वाजवायच्या?

आणि तेही आत्ता. डिसेंबरमध्ये उडवलं तर पक्षी पुन्हा खाऊन भरून काढेल कदाचित. एप्रिल-मेमध्ये त्याच्याकडे तेवढे दिवस नाहीत. एकेका पक्ष्याचं वजन या काही आठवड्यांत कितीतरी वाढतं, ती चरबी म्हणजेच त्याचं इंधन. गॉडविटसारख्या (लांब चोचीचा पाणपक्षी) काही पक्ष्यांचे तर मोठ्या उड्डाणाआधी पोटातले पचनाचे अवयव आकसतात, ओझं नको म्हणून. इतकी तयारी करून निघणाऱ्याला आपण विनाकारण चार-चार फेऱ्या मारायला लावतो. लांबच्या गाडीत बसलेल्या माणसाच्या डब्यातून एकेक पोळी काढून घ्यावी, तसं आहे हे. गाडी सुटेल, तो पोचणार कसा?

दुपारी हेच आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर थोडक्यात टाकलं. तिथे आपलीच माणसं. तर एकाचं उत्तर आलं, घार आली तरी थवा उडतोच की. हे वाचून मी जास्त चिडले. घार आली तर उडतो, मान्य. घार पोट भरायला येते, एक फेरी मारते, जाते. आपण दर शनिवार-रविवारी येतो, ऐन भरतीला येतो, कारण तेव्हाच पक्षी जवळ असतात, आणि एक सहल गेली की दुसरी हजर. वर भटकी कुत्री, वर ड्रोन. घारीचं नाव कशाला पुढे करायचं?

दुसऱ्याचं म्हणणं, रील बघूनच लोकांना पाणथळीचं महत्त्व कळतं, गर्दी झाली म्हणूनच या जागा वाचल्या. आहे खरं थोडं. गुलाबी रंग नसता तर बातमी आली नसती, हे मीही बघितलंय. पण जागा वाचवली ती कशाला?

तिसऱ्याने विचारलं, मग जायचंच नाही का?

अहो जायचं! माझं तर म्हणणं आहे की जेवढी माणसं डिसेंबरात रोहित बघायला जातात तेवढी आत्ता, चैत्र-वैशाखात जायला हवीत. हेच दिवस आहेत. गॉडविट तांबूस झालेत. चिखल्यांच्या छातीवर नारिंगी पट्टा आणि डोळ्यांवर काळा मुखवटा चढलाय, यांतले बरेचसे लडाख-तिबेटच्या पठारावर जाणारे. हिवाळाभर पांढरं डोकं घेऊन फिरणाऱ्या कुरवांची डोकी आता चॉकलेटी झाली, बहुतेक तर गेलेही. लिटल स्टिंट, जेमतेम पंचवीस ग्रॅमचा जीव, हातात घेतला तर जाणवणार नाही, तोही आर्क्टिकला निघालाय. पंधरवड्यात बांध ओस पडेल. रोहित मात्र मे अखेरपर्यंत, कधी जूनच्या पावसापर्यंतही दिसतील, त्यांना कच्छच्या रणाकडे जायचं ते पावसाच्या हिशोबाने. ज्यांची घाई आहे ते हे लहान.

फक्त जायचं कसं, तर भरतीच्या दीड-दोन तास आधी पोचून एका जागी खाली बसायचं. पक्षी नंतर येतात आणि आपल्याला बघूनच कुठे बसायचं ते ठरवतात. उशिरा पोचलात तर बांधावर चढूच नका, लांबूनच बघा. उभं राहून चालत गेलं की बांधावरून माणसाचा आकार आभाळावर उमटतो, तो त्यांना कुठूनही दिसतो. पक्ष्यांनी माना वर केल्या, चालायला लागले, म्हणजे आपण फार जवळ आलोय. तिथेच थांबायचं. उडतानाचा फोटो हवा असेल तर पाणी उतरायची वाट बघा, ते स्वतःहून उडतील आणि काय सुंदर उडतील. सगळा थवा एकदम वळतो तेव्हा एकदा पाठ दिसते, एकदा पोट, आणि या दिवसांत ते पोट लाल असतं. हा फोटो अप्पांच्या जुन्या मोबाईलमध्येही आला होता, थोडा हललेला. त्यांनी तो अजून डीपीला ठेवलाय.

त्या गाईडवर माझा राग आहे, त्याच्याबरोबर आलेल्या माणसांवर नाही. ती बिचारी सकाळी लवकर उठून ठाण्याहून, डोंबिवलीहून आली होती. त्यांना सांगितलं असतं की इथे गप्प बसायचं असतं, तर बसली असती. अप्पांना कुणी शिकवायला लागलं नाही हे खरं, पण अप्पा खाडीकाठचे. बाकीच्यांना कुणीतरी शिकवायलाच हवं, आणि त्याचेच तर तो पैसे घेतो. सगळे गाईड असे नाहीत हेही लिहून ठेवते, नाहीतर उद्या चार फोन येतील. काहीजण तर इतके चांगले आहेत की त्यांच्यामागे बसून मी शिकले.

पण तो मुलगा माझ्या डोक्यातून जात नाहीये. पंचवीस-तीस मोठ्या माणसांत त्या एकट्याने ते लहान पक्षी बघितले होते. त्याला हाक मारून स्कोपमधून (तिकाटण्यावरच्या दुर्बिणीतून) दाखवावं असं फार वाटलं, पण दाखवायला कडेला एकही उरला नव्हता. त्याची आई बहुतेक डोंबिवलीची, बोलता बोलता लोकलचं म्हणत होती. कुणाच्या ओळखीत असेल तर त्यांना ही पोस्ट पोचवा आणि माझा निरोप द्या, खाली लिहिलेल्या वेळेला त्याला घेऊन या, पैसे नाहीत.

पुढच्या रविवारी चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती दुपारी तीनच्या सुमारास. आम्ही एक वाजताच जाऊन बसणार. ऊन मरणाचं असेल, सावली शून्य. टोपी, दोन बाटल्या पाणी आणि बसायला काहीतरी आणा, अंगावर मळके, फिके कपडे हवेत. लोकलने येणाऱ्यांनी सीवूड्स-दारावेला उतरा, तिथून रिक्षा मिळते. दहा जणांच्या वर नेणार नाही, यायचं असेल त्यांनी खाली नाव लिहा. लहान मुलं असतील तर त्यांची नावं आधी घेईन. स्कोप एकच आहे, पाळीपाळीने बघू.